चार कोटी अंकांची मूळ संख्या पूर्ण न लिहिता तिच्याविषयी काय काय सांगता येते?

त्रिज्या (प्रश्न)

नमस्कार. ऑक्टोबर २०२४ मध्ये २^१३६२७९८४१ − १ ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध झाले (येथे ^ हे चिन्ह घातांकासाठी वापरले आहे). तोवर माहीत असलेल्या सर्व मूळ संख्यांपेक्षा ती मोठी होती आणि दशमान पद्धतीत तिचे ४,१०,२४,३२० अंक होतात, एवढे मी वाचले आहे. एक उणे केलेल्या दोनच्या घाताला मर्सेन संख्या म्हणतात आणि घातांक मूळ असल्याशिवाय अशी संख्या मूळ असू शकत नाही, हेही मला माहीत आहे. माझी अडचण त्यापुढची आहे. शाळेत आपण एखादी संख्या मूळ आहे का हे पाहताना तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहतो. येथे तर वर्गमूळच दोन कोटींहून अधिक अंकांचे आहे, म्हणजे विश्वाच्या आयुष्यातही तो भागाकार संपणार नाही. मग ती मूळ असल्याची खात्री नेमकी कशाच्या आधारे दिली जाते?

त्याला जोडूनच दुसरा प्रश्न असा की, मूळ असण्यापलीकडे या संख्येचे कोणते गुणधर्म कागद-पेन घेऊन स्वतः पडताळता येतील? तिचे शेवटचे अंक, पहिला अंक, ती जोडमूळ संख्यांपैकी (म्हणजे दोनच्या अंतरावरच्या दोन मूळ संख्यांच्या जोडीतील) आहे की नाही, अशा गोष्टी मला अभिप्रेत आहेत. सविस्तर उत्तर मिळाल्यास आनंद होईल. बीजगणिताची भीती नाही.

शेषबाकी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यासाठी संगणक लागत नाही. सोयीसाठी या संख्येला म आणि १३,६२,७९,८४१ या घातांकाला घ म्हणू.

शेवटचे तीन अंक आधी पाहू. २^३ पासून पुढे दोनच्या घातांचे शेवटचे तीन अंक दर शंभर पायऱ्यांनी पुन्हा तेच येतात. घ ला १०० ने भागल्यावर ४१ उरतात, म्हणून २^घ चे शेवटचे तीन अंक २^४१ च्या शेवटच्या तीन अंकांइतकेच असले पाहिजेत. २^४१ = २१,९९,०२,३२,५५,५५२, तेव्हा २^घ च्या शेवटी ५५२ आणि म च्या शेवटी ५५१ येतात. चार कोटी अंक छापणाऱ्या फाइलचा शेवट उघडून पाहिलात तर हेच दिसेल.

सर्व अंकांची बेरीज किती हे असे सांगता येणार नाही, परंतु त्या बेरजेला ९ ने भागल्यावर काय उरेल हे सांगता येते. दोनच्या घातांना ९ ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्या दर सहा पायऱ्यांनी फिरून येतात, घ ला ६ ने भागल्यावर ५ उरतात, २^५ म्हणजे ३२ ला ९ ने भागल्यावर ५ उरतात, आणि त्यातून एक वजा केल्यावर ४ उरतात. म्हणजे चार कोटी दहा लाख अंकांची बेरीज कितीही असो, तिला ९ ने भागल्यावर बाकी ४ च येणार.

पहिला अंक आणि अंकांची संख्या यांसाठी मात्र लॉग (दहा पायाचा लॉगॅरिदम) लागतो, आणि येथे थोडे जपून राहावे लागते. घ ला २ च्या लॉगने गुणायचे. पण तो लॉग पाच दशांश स्थळांपुरता, म्हणजे ०.३०१०३ असा घेतला, तर गुणाकार ४,१०,२४,३२०.५३६ येतो आणि आपल्याला संख्येत एक अंक जास्त असल्याचे व तिचा पहिला अंक ३ असल्याचे वाटते. दोन्ही चूक. घातांक साडेतेरा कोटींच्या पुढे असल्यामुळे लॉगमधील अगदी बारीक फरकही तेवढ्या पटीने वाढतो. ०.३०१०२९९९५६६४ हे बारा स्थळांचे मूल्य घेतल्यावर गुणाकार ४,१०,२४,३१९.९४५३ येतो. पूर्णांक भागात एक मिळवला की अंकांची संख्या ४,१०,२४,३२० मिळते. अपूर्णांक भाग ०.९४५३ हा साधारण ८.८१ चा लॉग आहे, म्हणून संख्येची सुरुवात ८८ ने होते. शेवटी एक वजा केल्याने अंकांची संख्या बदलत नाही, कारण दोनचा कोणताही घात शून्याने संपत नाही.

द्विमान पद्धतीत तर ही संख्या म्हणजे १३,६२,७९,८४१ वेळा ओळीने लिहिलेला १ आहे, आणि संगणकात ती सुमारे १७ मेगाबाइटमध्ये मावते. ही गोष्ट दिसायला किरकोळ आहे, पण मूळ असल्याची चाचणी वेगाने होण्यामागे तिचाच मोठा हात आहे. त्याविषयी अन्य कोणी लिहिले तर बरे होईल.

लंबवर्तुळ

चाचणीविषयी मी लिहिते.

भागून पाहण्याची पद्धत येथे पूर्णपणे निरुपयोगी नाही. ती चाळणी म्हणून वापरली जाते. समजा भ ही मूळ संख्या म ला भागते. मग २^घ ला भ ने भागल्यावर १ उरतो. घ स्वतः मूळ असल्यामुळे, भ ने भागताना दोनच्या घातांच्या बाक्यांचे चक्र बरोबर घ लांबीचे असते, आणि फर्माच्या लहान सिद्धांतानुसार (भ ने भाग न जाणाऱ्या संख्येच्या भ − १ व्या घाताला मूळ संख्या भ ने भागल्यावर १ उरतो) ही लांबी भ − १ ला भागली पाहिजे. म्हणून भ चे रूप २ × क × घ + १ असेच असते. शिवाय भ ला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरलेच पाहिजेत. घ ला ८ ने भागल्यावर १ उरतो, त्यामुळे क = १ आणि क = २ या दोन्ही शक्यता गळतात आणि पहिला उमेदवार क = ३ चा, म्हणजे ८१,७६,७९,०४७ हा निघतो. त्याखालील एकाही संख्येने म ला भागून पाहण्याची गरजच नाही. याच युक्तीने ऑयलर यांनी १७७२ मध्ये २^३१ − १ = २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचे हाताने दाखवले होते: वर्गमूळापर्यंतच्या पावणेपाच हजारांहून अधिक मूळ संख्यांऐवजी त्यांना केवळ २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ उरणाऱ्या संख्यांचा विचार करावा लागला, आणि ४६,३४१ च्या खाली अशा संख्या, संयुक्त धरूनही, चारशेपेक्षा कमी आहेत.

म सारख्या संख्येला ही चाळणी पुरत नाही. तेथे लुकास यांनी १८७० च्या दशकात मांडलेली आणि लेहमर यांनी १९३० मध्ये आजच्या रूपात आणलेली चाचणी उपयोगी पडते. ४ पासून सुरुवात करावी. प्रत्येक पायरीला आधीच्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करावेत आणि जे येईल त्याला २^घ − १ ने भागून बाकी ठेवावी. घ − २ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ आहे, अन्यथा ती संयुक्त आहे. ही अट दोन्ही बाजूंनी पक्की आहे. येथे संभाव्यतेचा काही भाग नाही.

लहान उदाहरण करून पाहू. घातांक ७ घेतला तर संख्या १२७ होते आणि पाच पायऱ्या लागतात: ४, १४, ६७, ४२, १११, ०. यातील ६७ वरून ४२ कसे आले ते पाहण्यासारखे आहे. ६७ चा वर्ग ४४८९, त्यातून २ गेले की ४४८७. आता १२७ ने भागाकार करण्याऐवजी १२८ ने करावा: ४४८७ = ३५ × १२८ + ७, आणि ३५ + ७ = ४२. बस, बाकी मिळाली. १२८ ला १२७ ने भागल्यावर १ उरतो, म्हणून भागाकार आणि बाकी यांची नुसती बेरीज पुरते. द्विमान पद्धतीत १२८ ने भागणे म्हणजे शेवटचे सात अंक तोडून बाजूला ठेवणे; म्हणजे संगणकाला भागाकार करावाच लागत नाही, वरचा तुकडा खालच्या तुकड्यात मिळवला की झाले. शेषबाकी यांनी ओळीने लिहिलेल्या एकांचा जो उल्लेख केला त्याचे महत्त्व हे.

आता फसणारे उदाहरण. घातांक ११ मूळ आहे, परंतु २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. येथे नऊ पायऱ्यांत ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६ अशी मालिका येते. शेवटी शून्य नाही, म्हणून संख्या संयुक्त. चाचणी २३ किंवा ८९ यांच्याविषयी मात्र चकार शब्द काढत नाही. एखादी संख्या संयुक्त आहे हे निःसंशय ठाऊक असावे आणि तिचा एकही अवयव हाती नसावा, ही स्थिती मोठ्या मर्सेन संख्यांच्या बाबतीत नेहमीची आहे.

म साठी अशा १३,६२,७९,८३९ पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीला चार कोटी अंकांच्या संख्येचा वर्ग करावा लागतो. हातच्या रीतीने एकच वर्ग करायचा तर अंकांचे लाखो अब्ज गुणाकार होतील. जलद फूर्ये रूपांतर या मोठ्या संख्यांचा गुणाकार झटपट करण्याच्या रीतीच्या साहाय्याने ते काम सेकंदाच्याही लहानशा भागात उरकते. चाचणी इतकी सुटसुटीत असण्याचे खरे कारण असे की म + १ म्हणजे निव्वळ दोनचा घात आहे. शेजारच्या संख्येचे सर्व अवयव आधीच माहीत असणे हीच या संख्येची सर्वांत मोठी सोय आहे. तेवढ्याच अंकांची एखादी यादृच्छिक विषम संख्या दिली, तर ती मूळ असल्याचे सिद्ध करण्याची व्यवहार्य रीत आज कोणाकडेही नाही, आणि म्हणूनच विक्रमांच्या यादीत मर्सेन संख्या पुन्हा पुन्हा दिसतात.

त्रिज्या

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. १२७ ची मालिका मी वहीत करून पाहिली आणि तोडून बेरीज करण्याची युक्ती फारच आवडली. आता दोन उपप्रश्न. कानपूरच्या आयआयटीतील अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये कोणत्याही संख्येसाठी चालणारी, वेगवान आणि निःसंदिग्ध चाचणी दिली. ती येथे का वापरत नाहीत? आणि तेरा कोटी पायऱ्यांत यंत्राकडून एखादा बिट जरी चुकला तरी शेवटची बाकी बिघडेल, मग निकालावर विश्वास कसा ठेवायचा?

जुना वाचक

पहिल्याचे उत्तर थोडक्यात. त्या तिघांच्या पद्धतीचे महत्त्व सैद्धांतिक आहे: संख्या मूळ आहे की नाही हे तिच्या अंकसंख्येच्या एखाद्या बहुपदीइतक्या वेळात, कोणत्याही अप्रमाणित गृहीतकाशिवाय ठरवता येते हे तिने प्रथमच दाखवले. पण बहुपदी म्हटली तरी तिचा घात किती हा प्रश्न उरतो. सुधारलेल्या रूपातही तो सुमारे सहा आहे, तर लुकास-लेहमर चाचणीत दोनपेक्षा किंचितच अधिक. चार कोटी अंकांच्या बाबतीत हा फरक म्हणजे शक्य आणि अशक्य यांतील फरक होय.

दुसरा प्रश्न अधिक चांगला आहे. या शोधात पहिली चाचणी लुकास-लेहमर नव्हतीच. मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्या ‘गिम्प्स’ या १९९६ पासून चालणाऱ्या सहकारी प्रकल्पात आता आधी फर्माची चाचणी घेतली जाते: ३ चा म − १ वा घात करून त्याला म ने भागल्यावर १ उरतो का, हे पाहायचे. म मूळ असेल तर १ उरलाच पाहिजे. उलट दिशेने ही खात्री नाही, म्हणून या टप्प्यावर तिला केवळ ‘संभाव्य मूळ’ म्हणतात. आधार ३ का, २ का नाही? कारण घातांक मूळ असलेली प्रत्येक मर्सेन संख्या, संयुक्त असली तरी, आधार २ ची चाचणी आरामात उत्तीर्ण होते. २०४७ घ्या: २^११ ला तिने भागल्यावर १ उरतो आणि २०४६ = ११ × १८६, म्हणून २^२०४६ लाही १ च उरतो. अशा परीक्षेचा उपयोग काय?

फर्माच्या चाचणीचा फायदा असा की तिच्यात गेर्बिच यांनी सुचवलेली पडताळणी बसते. मधल्या टप्प्यांवरच्या बाक्यांचा गुणाकार जपून ठेवला जातो आणि तो दोन वेगळ्या वाटांनी काढून ताडून पाहिला जातो. यंत्राने मध्ये चूक केली असेल तर ती जवळपास निश्चितपणे उघडी पडते आणि गणित शेवटच्या ग्राह्य टप्प्यापासून पुन्हा सुरू होते. यामुळे होणारी वेळेची वाढ नगण्य आहे. या प्रकल्पात सहभागी असलेल्या लूक ड्युरंट यांनी अनेक देशांतील ग्राफिक्स प्रोसेसर भाड्याने घेऊन हे काम चालवले होते. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी डब्लिनमधील एका प्रोसेसरने म ‘संभाव्य मूळ’ असल्याचे कळवले आणि दुसऱ्या दिवशी टेक्ससमधील सॅन अँटोनियो येथील प्रोसेसरने लुकास-लेहमर चाचणीत बाकी शून्य दिली. त्यानंतर वेगळ्या यंत्रांवर आणि वेगळ्या प्रणालींनी तीच चाचणी पुन्हा घेऊन २१ ऑक्टोबरला निकाल जाहीर झाला. माझ्या मते येथे शून्य ही बाकीच सर्वांत बोलका पुरावा आहे: चुकलेल्या गणितातून चार कोटी अंकांची कोणतीही भलतीच संख्या निघू शकते, पण नेमके शून्य निघण्याची शक्यता कल्पनेपलीकडे अल्प आहे.

शेषबाकी

जोडमूळ संख्यांचा प्रश्न राहिला आहे, आणि त्याचे उत्तर अपेक्षेपेक्षा रंजक निघते.

म + २ म्हणजे २^घ + १. विषम घातांकासाठी ही संख्या ३ ने भाग जाणारी असते, म्हणून ती बाजू लगेच संपली. म − २ म्हणजे २^घ − ३. ती ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३ यांपैकी कशानेही भागली जात नाही, पण २९ ने भागली जाते. घ ला २८ ने भागल्यावर ५ उरतात, २^५ = ३२, आणि ३२ − ३ = २९. तेव्हा म ला जोडमूळ जोडीदार नाही.

हा ५ योगायोगाने एकदाच आलेला नाही. घ − ५ = १३,६२,७९,८३६ या संख्येला २७७२ ने, म्हणजे ४ × ९ × ७ × ११ ने पूर्ण भाग जातो. याचा अर्थ असा की ज्या विषम मूळ संख्येतून एक वजा केल्यावर २७७२ चा विभाजक मिळतो, तिने भागताना आपली ही अवाढव्य संख्या २^५ − १ ची, म्हणजे साध्या ३१ ची बाकी देते. अशा मूळ संख्यांत ३, ५, ७, १३, १९, २३, २९, ३७ आणि ४३ येतात. त्यामुळे म च्या शेजाऱ्यांविषयी विचारायचे असेल तर ३१ च्या शेजाऱ्यांकडे पाहावे. ३१ मधून २ गेले की २९, म्हणून म − २ ला २९ ने भाग जातो. ३१ मध्ये ६ मिळवले की ३७, म्हणून म + ६ ला ३७ ने भाग जातो. १२ मिळवले की ४३, म्हणून म + १२ ला ४३ ने. ८ वजा केले की २३, आणि १२ वजा केले की १९, तेव्हा म − ८ ला २३ ने आणि म − १२ ला १९ ने भाग जातो. म − १०, म − ४, म + २ आणि म + ८ यांना ३ ने, तर म − ६ आणि म + ४ यांना ५ ने भाग जातो. गंमत अशी की ३१ च्या अवतीभवतीच्या १९, २३, २९, ३७, ४३ या मूळ संख्याच म च्या शेजाऱ्यांना संयुक्त ठरवतात.

फक्त म + १० येथे अडते, कारण ३१ + १० = ४१ आणि ४१ − १ = ४० हा २७७२ चा विभाजक नाही. तिच्यासाठी वेगळी वाट आहे: घ ला १० ने भागल्यावर १ उरतो, म्हणून म ला ११ ने भागल्यावरही १ च उरतो, आणि १ + १० = ११. विषम अंतरावरच्या सगळ्या संख्या सम असल्यामुळे, म − १२ पासून म + १२ पर्यंतच्या पट्ट्यात म सोडून एकही मूळ संख्या नाही, हे कोणत्याही यंत्राशिवाय सिद्ध झाले.

लंबवर्तुळ

फारच सुंदर. त्यात थोडी भर घालते. २म + १ म्हणजे २^(घ+१) − १. घ + १ सम असल्यामुळे तिला ३ ने भाग जातो, म्हणून म ही सोफी जर्मेन प्रकारची (म्हणजे दुप्पट करून एक मिळवल्यावरही मूळ संख्याच देणारी) मूळ संख्या नाही. (म − १) ÷ २ म्हणजे २^(घ−१) − १ हिलाही त्याच कारणाने ३ ने भाग जातो. आणखी पुढे गेल्यास घ − १ = १३,६२,७९,८४० = ३२ × ५ × ८,५१,७४९. घ − १ ला ३२ ने भाग जात असल्यामुळे म − १ ला २^३२ − १ ने भाग जातो, आणि २^३२ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७. म्हणजे माहीत असलेल्या पाचही फर्मा मूळ संख्या (ज्यांतून एक वजा केल्यावर दोनचा असा घात उरतो ज्याचा घातांकही दोनचाच घात असतो) म − १ च्या अवयवांत हजर आहेत.

युक्लिड आणि ऑयलर यांच्या प्रमेयामुळे २^(घ−१) × म ही परिपूर्ण संख्या होते, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते. तिचे ८,२०,४८,६४० अंक होतात.

त्रिज्या

म − १४ आणि म + १४ यांचा प्रयत्न मी केला. ३१ + १४ = ४५, तेव्हा म + १४ ला ३ आणि ५ या दोहोंनी भाग जातो. ३१ − १४ = १७ मात्र फसवे आहे, कारण १६ हा २७७२ चा विभाजक नाही; प्रत्यक्षात म ला १७ ने भागल्यावर १ उरतो, त्यामुळे म − १४ ला १७ ने भाग जात नाही. १३ ने भागल्यास ४ उरतात, १९ ने भागल्यास १७ उरतात. पुढच्या मूळ संख्या आज रात्री तपासतो.